घराची बस नको, रस्त्याची बस शोधा

आमच्या घरात दोन गाड्या आणि चालवणारा माणूस एकच. गेल्या पावसाळ्यात त्या माणसाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने गाडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आमचं घर बेळगावजवळ, मच्छेच्या अलीकडं, खानापूर रोडपासून आत. दूध आणि कोथिंबीर दारात येते. बँक, दवाखाना, बाजार, आईचं वडगावातलं घर, हे सगळं मात्र आजवर अ‍ॅक्टिव्हाच्या मागच्या सीटवर बसून झालेलं. पहिल्या आठवड्यात रिक्षाला किती गेले ते मी कॅलेंडरवर लिहीत गेले. रविवारी बेरीज केली आणि सोमवारी जाऊन बसस्टॉपवर उभी राहिले.

शेजारच्या वहिनी गेटातूनच हसल्या. "आपल्याकडं बस कुठं हाय हो? दिवसात चार येतात, त्या बी येतील तेव्हा खऱ्या!"

हे वाक्य बेळगावच्या कुठल्याही नव्या वसाहतीत ऐकायला मिळतं. सह्याद्रीनगरात मिळतं, रामतीर्थनगरात मिळतं, मंडोळी रोडच्या आतल्या प्लॉटांवर तर नक्कीच मिळतं. त्यात खोटं काही नाही. वहिनी म्हणत होत्या ती बस म्हणजे आमच्या कॉलनीच्या तोंडाशी येऊन वळणारी, आमच्या कॉलनीचं नाव पाटीवर असलेली. ती खरंच चारदा येते. पण त्याच सोमवारी सकाळी मी मुख्य रस्त्यावर उभी राहून शहराकडं जाणाऱ्या बसगाड्या मोजायला लागले तर दोन्ही हातांची बोटं संपली आणि अजून साडेदहा वाजायचे होते.

बसनं फिरायचं कसं ते समजायला मला तीन आठवडे लागले. त्याचं सार एवढंच निघालं, की घराची बस शोधायची नाही, रस्त्याची शोधायची.

आता आधी हे बघू, की बस आपल्या दाराशी का येत नाही. त्यात ड्रायव्हर-कंडक्टरचा आळस नाही, आणि कुणाचं राजकारणही वाटतं तेवढं नाही.

शहापूरच्या नाहीतर गणपत गल्लीच्या आसपासच्या जुन्या घरांकडं बघा. भिंतीला भिंत, खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागं आणखी एक बिऱ्हाड. चार पावलांवर देऊळ, दहा पावलांवर पिठाची गिरणी. ती वस्ती पायी चालणाऱ्यांसाठी वाढली. आमची वसाहत म्हणजे पूर्वीचं शेत. त्यावर आखणी झाली, तीस बाय चाळीसचे साईट पडले, प्रत्येकाला कंपाउंड, पुढं गाडी लावायला जागा. मधले निम्मे साईट अजून रिकामे, गवत माजलेले. मुख्य रस्त्याकडं जायला तोंड एकच. दुकानं नाहीत, कारण आखणी करताना सगळ्यांनी धरून चाललेलं होतं, की इथं राहणाऱ्याकडं गाडी असणारच.

माणूस साधारण पाच मिनिटं, म्हणजे चारेकशे मीटर, बससाठी कुरकुर न करता चालतो. त्यापुढं तो गाडीची किल्ली शोधतो. म्हणजे प्रत्येक स्टॉपला गिऱ्हाईक मिळायचं ते त्या चारशे मीटरच्या वर्तुळातून. जुन्या गल्लीत तेवढ्या वर्तुळात हजारोंनी माणसं राहतात. आमच्याकडं काही शे, आणि त्यातल्या बहुतेकांच्या दारात स्कूटर. बस आत शिरली तर दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांतून वाट काढायची, टोकाला जाऊन वळवायची, दहा मिनिटं घालवायची आणि सहा माणसं घेऊन बाहेर यायचं. तेवढ्या वेळात खानापूर रोडवर तीच बस साठ माणसं घेऊन शहरात पोचलेली असते. महामंडळाकडं गाड्या आणि ड्रायव्हर मोजकेच. त्या साठ जणांची दहा मिनिटं खायची का आमच्या सहा जणांना चालायला लावायचं, असा हा हिशेब आहे. मी महामंडळात असते तर मीही आम्हालाच चालायला लावलं असतं.

मग पुढचं चक्र तुम्हाला माहीतच आहे. बस नाही म्हणून गाडी घेतली, गाडी घेतली म्हणून बसला माणूस नाही, माणूस नाही म्हणून उरलेली फेरीही बंद.

बेळगावची एक गोष्ट मात्र बसवाल्यांच्या पथ्यावर पडते. या गावाला पाहिजे तिकडून पाहिजे तिकडं जाता येत नाही. मध्ये कॅम्प आहे, किल्ला आहे, रेल्वेची रूळपट्टी गावाला उभी चिरत गेलेली आहे, पलीकडून हायवे. त्यामुळं सगळी वाहतूक मोजक्या रस्त्यांवर येऊन पडते. गाडीवाल्याला हा वैताग. पण सगळ्यांना एकाच रस्त्यानं जावं लागतं, तिथं बसेसही एकामागून एक येतात.

डावा हात पालथा टेबलावर ठेवा. तळवा म्हणजे किल्ल्याजवळची सीबीटी, म्हणजे सिटी बसचं स्टँड, आणि तिला लागून असलेलं मध्यवर्ती बसस्थानक. बोटं म्हणजे रस्ते. बेळगावला बोटं पाचापेक्षा जास्त आहेत, तेवढं सांभाळून घ्या. एक बोट खानापूर रोडचं: उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे आणि पुढं. एक वेंगुर्ला रोडचं: हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची, आणि हद्द ओलांडली की शिनोळी. एक कोल्हापूरच्या दिशेचं: काकती, होनगा. एक सांबऱ्याचं, विमानतळाकडचं. एक हलगा-बस्तवाडवरून धारवाडकडं जाणारं, ज्यावर सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इकडची इमारत, आहे. शिवाय वडगाव, येळ्ळूर, कंग्राळी, कणबर्गी अशी आखूड बोटं.

आता मला मच्छेला यायचं असेल तर 'मच्छे' पाटीची बस कशाला हवी? खानापूरला जाणारी साधी बस चालते. नंदगडला जाणारी चालते. पिरनवाडीपर्यंतच यायचं असेल तर जांबोटी-कणकुंबीकडची बसही चालते, कारण ती पिरनवाडीला वळेपर्यंत आमच्याच रस्त्यावर असते. एका पाटीच्या जागी चार-पाच पाट्या माझ्या झाल्या. तुमचं घर कुठल्या बोटावर आहे आणि त्या बोटावरून पुढं कुठल्या-कुठल्या गावांना बस जातात, त्या गावांची नावं पाठ करून टाका. वहिनींचं 'दिवसात चार' तिथंच संपतं.

फक्त एक सांभाळायचं. लांब पल्ल्याची वेगदूत किंवा नॉनस्टॉप गाडी मधल्या स्टॉपला थांबत नाही. चढण्याआधी विचारायचं, चढल्यावर नाही. मी पहिल्याच आठवड्यात न विचारता चढले. कंडक्टरनं थेट खानापूरचं तिकीट घ्या म्हणून सांगितलं, मी घेतलं नाही, आणि मधेच रस्त्यावर उतरून पावसात उलटी चालत आले. चूक माझीच होती, पण तेव्हा मी सगळ्या जगाला शिव्या दिल्या.

पाट्यांचा प्रश्न वेगळाच. आपल्यातल्या बऱ्याच बायकांना कन्नड बोललेलं समजतं, वाचता येत नाही. माझंही तसंच. नातवानं मला एक अक्षर शिकवलं: कन्नड 'ग'. घोड्याची नाल उलटी ठेवल्यासारखा तो दिसतो, खालून उघडा, वर एक शेंडी. पाटीवर चार अक्षरं आणि त्यात ही नाल तिसरी असेल तर बेळगावी. नाल अगदी शेवटी असेल तर हिंडलगा. सुळग्यातही ती शेवटीच येते, त्यामुळं मी एकदा फसले, पण सुळगा हिंडलग्याच्याच रस्त्यावर पुढं असल्यानं काही बिघडलं नाही. खानापूर वाचायचं तर शेवटचं अक्षर गोल वाटीवर झाकण ठेवल्यासारखं असतं, तो 'र'. ही दोन अक्षरं मला दोन महिने पुरली.

बाकी तोंडानं. "मच्छे होगतद री?" असं विचारलं की कंडक्टर मान हलवतो. उतरताना "निल्सरी" पुरतं. तो "चिल्लर कोडरी" म्हणाला की सुटे काढायचे, "मुंद होगरी" म्हणाला की पुढं सरकायचं. मराठीत विचारलं तरी निम्म्या वेळा मराठीतच उत्तर मिळतं, "जातंय की, चढा मावशी". दिवसभर गावोगावचा माणूस बसमध्ये घेणाऱ्याला दोन्ही भाषा येतातच. भाषेवरून भांडणं होतात ती पेपरात वाचते. बसमध्ये मला जास्त भांडणं खिडकीवरून आणि सुट्या पैशांवरून दिसली.

थांबायला किती लागतं, याचं एक गणित मला फार आवडलं, कारण त्यानं माझा एक जुना संशय खरा ठरवला.

समजा एखाद्या रस्त्यावर दर वीस मिनिटांना बस आहे. तुम्ही घड्याळ न बघता केव्हाही जाऊन उभे राहिलात तर कधी लगेच मिळेल, कधी वीस मिनिटं लागतील, सरासरी दहा. आता समजा चाळीस मिनिटांत बस दोनच येतात, पण एक पस्तीस मिनिटांनी आणि तिच्या मागोमाग पाच मिनिटांनी दुसरी. कागदावर अजूनही 'सरासरी वीस मिनिटांना एक'. कंट्रोलर खोटं बोलत नाही. पण त्या चाळीस मिनिटांत दर पाच मिनिटांना एक माणूस स्टॉपवर येत असेल, तर आठ जणांपैकी सात त्या पस्तीस मिनिटांच्या भोकात सापडतात आणि सरासरी साडेसतरा मिनिटं ताटकळतात. एकटा आठवा नशीबवान, अडीच मिनिटांत सुटतो. आठ जणांची मिळून सरासरी निघते साडेपंधरा मिनिटांच्या वर. बस तेवढ्याच, पण थांबणं दीडपट. 'मी गेले की नेमकी बस नसते' हे तुम्हाला वाटतं ते मनाचे खेळ नाहीत. लांब भोकात सापडण्याची शक्यताच जास्त असते.

दोन बस जोडीनं का येतात, तेही सोपं आहे. पहिल्या बसला कुठंतरी, समजा तिसऱ्या रेल्वे गेटला, पाच मिनिटं उशीर झाला. पुढच्या स्टॉपवर त्या पाच मिनिटांत जास्त माणसं जमलेली. ती चढायला वेळ, त्यांची तिकिटं काढायला वेळ. गर्दी असली की तिकिटं संपेपर्यंत बस बाजूला घेऊन उभी करतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणजे उशिरात उशीर. मागच्या बसला स्टॉप रिकामे मिळतात, ती भराभर येते आणि पहिलीला गाठते. म्हणून खचाखच भरलेली बस समोर आली आणि फार घाई नसेल तर मागं नजर टाका. पुष्कळदा मागची निम्मी रिकामी असते. ऑपरेशन झालेल्या माणसाला घेऊन जाताना हे मला सोन्यासारखं उपयोगी पडलं.

यावरून मी एक पद्धत बसवली. रस्त्याच्या बससाठी वेळ बघायची नाही, तयार झालं की निघायचं. कॉलनीच्या बससाठी मात्र वेळ पाठ पाहिजे आणि दहा मिनिटं आधी उभं राहायला पाहिजे, कारण ती चुकली तर पुढची तीन तासांनी. त्या चार फेऱ्यांच्या वेळा मी कॉलनीच्या वॉचमनकडून नाही, सीबीटीतल्या कंट्रोलरच्या खिडकीवरून लिहून आणल्या. वॉचमननं सांगितलेल्या चारपैकी दोन गेल्या वर्षीच्या होत्या. सकाळी नऊ-दहाला उद्यमबागेतल्या कारखान्यांचे कामगार आणि कॉलेजची पोरं एकदम बाहेर पडतात. मच्छेला व्हीटीयू, म्हणजे तांत्रिक विद्यापीठ, आहे, त्यामुळं गर्दी दोन्ही दिशांना. अकरानंतर बस रिकामी. दवाखान्याची अपॉइंटमेंट साडेअकराची मागितली की निम्मा त्रास कमी होतो.

बोटावरून तळव्यात आलात. पण जायचं दुसऱ्या बोटावर असेल तर? इथं आपली माणसं हात टेकतात. "दोन बस बदलायच्या? नको बाबा, रिक्षा बघ." बदलणं म्हणजे हार, असं आपल्या डोक्यात बसलंय. उलट, पंजाच्या आकाराच्या गावात बदलल्याशिवाय कुठंच जाता येत नाही, आणि प्रत्येक उपनगरातून प्रत्येक उपनगराला थेट बस सोडायची म्हटली तर प्रत्येक मार्गाला दिवसातून एकेकच फेरी वाट्याला येईल. त्यापेक्षा सगळ्या गाड्या तळव्यात आणून तिथं बदलणं परवडतं.

आमच्या ह्यांना तपासणीला नेहरूनगरात केएलई हॉस्पिटलला न्यायचं होतं. खानापूर रोडच्या बसनं सीबीटी, तिथून केएलईकडची बस. पहिल्या दिवशी मी घाबरून तासभर जास्तीचा धरला, तो सगळा हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये गेला. एक शिकले: सीबीटीत शिरल्यावर फलाट शोधत धावायचं नाही. एका जागी उभं राहून "केएलई कुठं लागती?" म्हणून दोघांना विचारायचं. एकालाच विचारलं तर तो माहीत नसतानाही बोट दाखवतो.

मात्र दरवेळी तळव्यापर्यंत जायलाच पाहिजे असं नाही. आईकडं वडगावला जाताना सीबीटीपर्यंत जाऊन परत फिरणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. अनगोळ, भाग्यनगरला जायचं तर तिसऱ्या गेटजवळ उतरून रूळ ओलांडून चालत जाता येतं. गाडीवाल्याला गेटची, पुलाची, सिग्नलची मोजदाद करावी लागते. चालणाऱ्याला ते सगळं दहा मिनिटांचं काम. म्हणून बोटावर कुठं-कुठं आडवी वाट फुटते ते बघून ठेवा. त्या जागा प्रत्येकाच्या वेगळ्या, आणि नकाशात बघून कळत नाहीत, पायांनी कळतात.

तिकिटाचं सांगते, कारण सीमेवर राहणाऱ्यांसाठी यात गुंता आहे.

इकडच्या सिटी बस आणि खानापूर-गोकाककडच्या लाल बस एकाच महामंडळाच्या, वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाच्या. १९९७ साली ते वेगळं झालं, मुख्यालय हुबळीत. म्हणून ११ जून २०२३ पासून सुरू झालेली शक्ती योजना दोन्ही गाड्यांत चालते. कर्नाटकात राहणाऱ्या बाईला साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये राज्याच्या आत मोफत प्रवास. एसी, स्लीपर, राजहंस असल्या गाड्यांत नाही. पण मोफत म्हणून तिकीट घ्यायचंच नाही असं करू नका. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो ते हातात घ्या, कारण सरकार महामंडळाला पैसे देतं ते या शून्य तिकिटांच्या हिशेबावर. तुम्ही तिकीट घेतलं नाही तर कागदावर त्या बसमध्ये तुम्ही नव्हताच, आणि माणूस नसलेली फेरी बंद करायला कुणाला वाईट वाटत नाही.

यात निम्म्या जागा पुरुषांसाठी राखीव असं नियमात आहे. तो नियम मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकला असेन तर फक्त उभ्या असलेल्या पुरुषांच्या.

माझी भाची चंदगडकडची, म्हणजे महाराष्ट्रातली, दिलेली हिंडलग्याला. लग्नानंतर सात महिने झाले तरी आधारवर पत्ता माहेरचाच. सासूबरोबर बाजाराला निघाली. सासूला शून्य तिकीट, हिला पैशाचं. हिनं कंडक्टरला सुनावलं, "मी इथलीच की, हे काय कुंकू दिसत नाही काय?" कंडक्टर बिचारा म्हणाला, "अक्का, कुंकू नव्हे, कार्ड दाखवा." कुंकवाला पत्ता नसतो. आधार सेवा केंद्रात जाऊन पत्ता बदलला तेव्हा विषय मिटला. नव्यानं लग्न करून इकडं आलेल्या मुलींनी हे आधी करून टाकावं.

हीच भाची माहेरी जाताना महाराष्ट्राच्या एसटीत बसते तेव्हा गणित उलटं. तिकडं १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. बेळगावपासून हद्दीपर्यंत पूर्ण, पुढं अर्धं. शून्य तिकीट एसटीत मागू नका. तिची आजेसासू पंच्याहत्तरीच्या पुढची, तिला तिकडं ऑगस्ट २०२२ पासून मोफत, तेही हद्दीच्या पलीकडंच. आमच्या ह्यांच्यासारख्या साठी ओलांडलेल्या पुरुषांना इकडच्या बसमध्ये तिकिटात पाव सवलत आहे. वेंगुर्ला रोडवर एकाच स्टॉपवर उभं राहून, बस कुठल्या राज्याची आली यावर घरातल्या प्रत्येकाचं तिकीट बदलतं. दर जानेवारी २०२५ मध्ये दोन्हीकडं वाढले, इकडं पंधरा टक्के, तिकडं जवळपास तेवढेच, त्यावर मात्र दोन्ही सरकारांचं एकमत.

आणि सीमेवर वातावरण तापलं की सगळ्यात आधी थांबते ती बस. फेब्रुवारी २०२५ मध्ये काही दिवस इकडच्या गाड्या तिकडं आणि तिकडच्या इकडं येईनाशा झाल्या होत्या. एक नोव्हेंबरला चन्नम्मा चौकाच्या बाजूला कन्नड राज्योत्सवाच्या मिरवणुकीमुळं रस्ते अडतात, डिसेंबरात सुवर्णसौधात अधिवेशन असलं की हलग्याच्या बाजूला पोलीस आणि मोर्चे. अशा दिवसांत दवाखान्याची तारीख घेऊ नये.

आता शेवटचा तुकडा, स्टॉप ते घर. बसचा प्रवास फसतो तो इथंच. आमचं घर रस्त्यापासून नजरेच्या टप्प्यात आहे, गच्चीवरून बसची टपं दिसतात. पण मध्ये कंपाउंडं, तारा, एक मोठा रिकामा साईट. त्यामुळं नाक समोर धरून जाता येत नाही, वळसा घालून पंधरा मिनिटं लागतात. त्या साईटमधून पायवाट होती. मालकानं भिंत घातली, त्याचा हक्कच आहे. पण नव्या वसाहतीची आखणी करणाऱ्यांनी मधे एक चार फुटी बोळ सोडला असता तर निम्म्या घरांना स्टॉप जवळ आला असता. बोळ सोडायला काही खर्च येत नाही. गाडीवाल्याला तो लागत नाही, म्हणून कुणाला सुचत नाही.

हातात सामान असेल तर मी रिक्षा करते, पण शहरापासून नाही, फाट्यापासून. लांबचा पल्ला बसनं, शेवटचा तुकडा रिक्षानं. मीटर हा आपल्याकडं शोभेचा डबा असल्यानं आधी ठरवून घ्यायचं. वडाप मिळालं तर तेही चालतं, पण ते भरल्याशिवाय हलत नाही आणि भरणं म्हणजे काय याची त्यांची कल्पना आपल्यापेक्षा मोठी असते.

जाणं सोपं, येणं अवघड, हे लक्षात ठेवा. जाताना रस्त्यावर कुठलीही बस शहरातच जाते. येताना संध्याकाळी सातनंतर पाट्या कमी होतात, थांब्यावर दिवा नसतो, आणि अंधारात उभ्या बाईला ड्रायव्हर बघतोच असं नाही. मी मोबाइलची बॅटरी लावून हात करते. शेवटच्या बसची वेळ विचारताना 'वस्तीची गाडी किती वाजता?' असं विचारा. जी बस रात्री गावात मुक्कामाला जाते आणि पहाटे तिथूनच निघते ती वस्तीची. ती सहसा रद्द होत नाही, कारण रात्री ती गावात पोचली नाही तर सकाळची पहिली फेरीच नसते.

रेल्वेचं थोडक्यात. लोंढा-मिरज मार्ग आपल्या गावातूनच जातो. देसूर, खानापूर एका बाजूला. सांबरे, सुळेभावी, पाच्छापूर, घटप्रभा दुसऱ्या बाजूला. वेळ जुळली तर खानापूरला जायला पॅसेंजरसारखं स्वस्त आणि सुखाचं दुसरं काही नाही. वेळ जुळत नाही, एवढीच अडचण. आणि 'हुबळीसारखी चिगरी बस आपल्याकडं का नाही' म्हणणाऱ्यांना: हुबळी-धारवाड ही दोन गावं एका दोरीची दोन टोकं आहेत, बावीसेक किलोमीटरची एकच जाड दोरी. २०१८ मध्ये तिच्यावर बसला वेगळी लेन दिली. आपल्याकडं दोरी नाही, पंजा आहे. प्रत्येक बोटावर वेगळी लेन कुठून आणणार? आपल्याला त्याच बसेस जोडीनं न येता सुट्या-सुट्या आल्या तरी पुष्कळ.

पैशाचं म्हणाल तर पेट्रोल शंभराच्या वर आहे. स्कूटर लिटरला पंचेचाळीस-पन्नास देते, म्हणजे किलोमीटरला दोन रुपयांच्या वर, कारला सात तरी. यात इन्शुरन्स, टायर, सर्व्हिसिंग धरलेलं नाही. मला शून्य तिकीट, तुलनाच नको. वेळ मात्र बसला जास्त लागतो, दीडपट ते दुप्पट. तो कुठं घालवायचा ते आपण ठरवायचं. मी लोकरीचं विणकाम परत सुरू केलं. स्वेटरची एक बाही उद्यमबाग ते सीबीटी या टप्प्यात झालेली आहे.

हे आता परत गाडी चालवतात. परवा म्हणाले, "चल, बाजारात सोडतो." गणपत गल्लीत गाडी लावायला जागा शोधत आम्ही पूर्वी तीन फेऱ्या मारायचो ते मला आठवलं. म्हटलं, "बाजारात नको, फाट्यापर्यंत सोडा." त्यांनी सोडलं. समोरून नंदगडची गाडी येत होती, बेळगावकडं. मी हात केला.